पुण्याची दुर्बीण आणि मोताळ्याचा ध्रुव

बुलढाणा जिल्ह्यांतील लोक आपल्या जिल्ह्याचे दोन भाग मानतात, एक घाटावरचा आणि दुसरा घाटाखालचा. मोताळा हें तालुक्याचें ठिकाण घाटाखालीं येतें. दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगराची कड आणि उत्तरेस मलकापुराकडे पसरत गेलेला पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट मुलूख. रात्रीं घराच्या गच्चीवर उभें राहिलें असतां ध्रुवाच्या आड येईल असें तेथें फारसें कांहीं नसतें. हा ध्रुव मोताळ्यास क्षितिजापासून सुमारें २० अंश ४० कला उंचीवर दिसतो. कारण ज्या गांवाचे अक्षांश जितके, तितकीच तेथें ध्रुवाची उंची. शाळेंतील भूगोलाच्या पुस्तकांत हा नियम असतो, परीक्षेपुरता तो पाठ होतो, आणि पुढें त्याची कोणास गरज पडत नाहीं.

गरज पडते ती घरांत पहिली दुर्बीण आल्यावर. अलीकडे चार-सहा इंची आरशाच्या दुर्बिणी मुलांच्या हौसेखातर मध्यमवर्गीय घरांतून येऊं लागल्या आहेत. पहिल्या रात्रीं चंद्र दिसतो व घरांतील सारीं माणसें पाळीपाळीनें डोळा लावितात. दुसऱ्या रात्रीं गुरु शोधावयास जावें तर तो सांपडत नाहीं. सांपडला तर ठरत नाहीं. आणि ठरलाच तर एका बाजूस शेंपूट फुटलेल्या ठिपक्यासारखा दिसतो. आठवड्याभरांत दुर्बीण पलंगाखालीं जाते आणि दुकानदारानें फसविलें असा घरांतील वडील माणसांचा निवाडा होतो. तो बहुधा अन्यायाचा असतो. सतार दुकानांत कितीहि सुरांत लावलेली असो, घरीं येईपर्यंत तिच्या तारा उतरावयाच्याच. आरशाच्या दुर्बिणीचेंहि तसेंच आहे. ज्यानें पाहावयाचें त्यानेंच, ज्या गांवांतून पाहावयाचें तेथेंच, ती लावून घ्यावी लागते.

महाराष्ट्रांत या लावण्याच्या विद्येचा मोठा प्रयोग पुण्यास झाला. त्याची हकीकत अभिमानाची आहे, तितकीच चुटपुट लावणारीहि आहे. ती नीट समजावी म्हणून आरशाच्या दुर्बिणीची पूर्वपीठिका थोडी पाहिली पाहिजे.

गॅलिलिओची दुर्बीण भिंगांची होती. साध्या भिंगांतून जातांना प्रकाशाचे रंग फांकतात, म्हणून तेजस्वी पदार्थाभोंवतीं रंगीत झालर दिसते. न्यूटननें १६६८ सालीं पुढच्या भिंगाच्या ऐवजीं खोलगट आरसा वापरला. नळीच्या तळाशीं हा खोलगट आरसा, तोंडाजवळ ४५ अंशांनीं कललेला लहान सपाट आरसा, आणि नळीच्या कुशींत डोळा लावण्याचें नेत्रभिंग ही त्याची रचना आजहि तशीच चालू आहे. त्याची पहिली दुर्बीण वीतभर लांबीची होती व आरसा तांबें आणि कथील यांच्या मिश्रणाचा होता. हा धातु लौकर काळवंडे. तो उजळावयाचा म्हणजे घासावयाचा, आणि घासतांना आरशाचा घाटच बिघडे. त्यामुळें आरसा साफ करणें व नवा आरसा घडविणें यांत फारसा फरक राहत नसे. विल्यम हर्शेल हा बाथ शहरांतील संगीताचा व्यवसाय करणारा मनुष्य. त्यानें असले आरसे स्वतःच्या हातांनीं घासले आणि १७८१ सालीं सहा इंचांहून किंचित् मोठ्या आरशानें युरेनस ग्रह शोधला. पुढें १८५६-५७ च्या सुमारास जर्मनींत स्टाइनहाइल व फ्रान्समध्यें फूको यांनीं कांचेच्या आरशावर रासायनिक रीतीनें चांदीचा पातळ थर चढविण्यास आरंभ केला. थर काळा पडला तर तो धुवून टाकावा व नवा चढवावा; खालच्या कांचेचा घाट जागच्या जागीं राहतो. पुण्याची दुर्बीण या चांदीच्या वंशांतली.

कावसजी दादाभाई नायगांववाला हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत अध्यापक होते. १८८२ सालीं भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनीं पांच हजार रुपयांची देणगी दिली व मुंबई सरकारनें तितकीच भर घातली. मूळ विचार प्रकाशाच्या वर्णपटाचा अभ्यास करण्यासाठीं प्रयोगशाळा काढण्याचा होता. नायगांववाला १८८४ सालीं इंग्लंडांत गेले. राजज्योतिषी क्रिस्टी व सूर्याच्या वर्णपटाचे नामांकित अभ्यासक लॉकियर यांच्या सल्ल्यानें प्रयोगशाळेची वेधशाळा झाली. नंतर नायगांववालांची नेमणूक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें झाली आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाहि पुण्यास आली. १८८८ सालीं ती उभी राहिली. तिला महाराजांचें नांव देण्यांत आलें. तिचें मुख्य वैभव म्हणजे डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यांतील आरशाची दुर्बीण. वीस इंची आरशाची ही दुर्बीण पुढें कितीएक दशकें हिंदुस्थानांतील सर्वांत मोठी दुर्बीण म्हणून ओळखली जात होती.

आतां दहा हजार रुपये आणि डब्लिनची कारागिरी एवढ्यानें तारा दिसत नाहीं. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते, म्हणून आकाश तासाला १५ अंश, म्हणजे चार मिनिटांत एक अंश, सरकतें. चंद्राचें बिंब अर्ध्या अंशाचें. स्थिर दुर्बिणीसमोरून तें दोन मिनिटांत आपल्या रुंदीइतकें पुढें जातें. ताऱ्याचा पाठलाग सोपा व्हावा म्हणून मोठ्या दुर्बिणीचा एक आंस बरोबर ध्रुवबिंदूकडे रोखतात. मग त्या एकाच आंसाभोंवतीं घड्याळाच्या यंत्रानें दुर्बीण फिरविली कीं तारा जागेवर राहतो. हा आंस जमिनीशीं किती कोन करील, तें त्या गांवाच्या अक्षांशांवर ठरतें. डब्लिनला ध्रुव ५३ अंशांहून उंच आणि पुण्यास साडेअठरा अंशांवर! डब्लिनच्या आकाशाखालीं पुण्याचा कोन ताडून पाहणें कोणाहि कारागिराला शक्य नव्हतें. तें काम पुण्यासच, पुण्याच्या आकाशाखालीं व्हावयाचें होतें.

यांतहि आणखी एक मेख आहे. ध्रुवतारा म्हणजे ध्रुवबिंदु नव्हे. दोहोंत एका अंशाहून कमी, पण जाणवण्याइतकें अंतर आहे. म्हणून बारीक कामासाठीं ताऱ्यांनाच साक्षीस बोलावितात. दक्षिणेकडे याम्योत्तर वृत्ताजवळ असलेला एक तारा नेत्रभिंगाच्या मध्यावर आणावयाचा व कांहीं मिनिटें नुसतें पाहत बसावयाचें. तो हळूहळू दक्षिणेस घसरूं लागला तर आंसाचें वरचें टोंक ध्रुवबिंदूच्या पूर्वेस गेलें आहे. उत्तरेस घसरला तर पश्चिमेस. मग पूर्वेकडचा एक तारा घेऊन तीच परीक्षा उंचीची करावयाची. तो दक्षिणेस घसरला तर आंस खालीं झुकला आहे, उत्तरेस घसरला तर प्रमाणाबाहेर वर गेला आहे. ही परीक्षा वीस इंची यंत्रास लागू पडते तशीच चार इंचीलाहि लागू पडते. शिवाय तिला पैसा लागत नाहीं, फक्त धीर लागतो.

आंस जुळला तरी आरसे जुळलेले असतातच असें नाहीं. नवशिक्याची गाडी बहुतेक वेळां येथेंच अडते. खोलगट आरसा अन्वस्त आकाराचा असतो. त्याच्या मध्यरेषेनें आलेला प्रकाशच एका बिंदूंत नीट गोळा होतो. रेषा चुकली कीं ताऱ्याला धूमकेतूसारखें शेंपूट फुटतें. दोन्ही आरसे आपापल्या स्क्रूंवर तोललेले असतात, आणि बैलगाडीचा काय किंवा आगगाडीचा काय, प्रवास त्यांना मानवत नाहीं. जुळविण्याची रीत अशी. नेत्रभिंग काढून त्या जागीं मध्यावर बारीक छिद्र पाडलेलें टोपण बसवावें व छिद्रांतून आंत पाहावें. प्रथम लहान तिरपा आरसा दिसतो. त्यांत खोलगट आरशाचें पूर्ण वर्तुळ, सर्व बाजूंनीं सारखी कड राखून, दिसेपर्यंत तिरप्या आरशाचे स्क्रू फिरवावे. नंतर खोलगट आरशामागच्या तीन स्क्रूंकडे वळावें. त्या आरशांत तिरप्या आरशाची काळी सावली दिसते; ती बरोबर मध्यावर येईपर्यंत हे तीन स्क्रू आळीपाळीनें सैल अथवा घट्ट करावे. खोलगट आरशाच्या मध्यबिंदूवर कागदाची लहानशी टिकली आधींच चिकटवून ठेविली तर काम पुष्कळ सोपें होतें, आणि टिकलीनें कांहीं बिघडतहि नाहीं, कारण त्या जागेवर तशीहि तिरप्या आरशाची सावलीच पडलेली असते. एक मनुष्य डोळा लावून सांगणारा व दुसरा स्क्रू फिरविणारा, अशीं दोघें असलीं तर पाऊण तासाचें काम दहा मिनिटांत उरकतें. घरांत भांडण झालें तर मात्र पुन्हां पाऊण तासच लागतो.

नायगांववालांच्या कामांत या जुळणीला विशेष महत्त्व होतें. त्यांचा हेतु ताऱ्यांचीं चित्रें पाहण्याचा नव्हता. आरशानें गोळा केलेला प्रकाश वर्णपटदर्शकाच्या केसासारख्या बारीक फटींत नेमका पाडावयाचा, आणि त्याचे रंग व रंगांमधील रेषा तपासावयाच्या, असें तें काम. प्रतिमा अंगुळभर सरकली असती तर डोळ्याला कदाचित् चाललें असतें; फटीला केसभरहि चालत नाहीं. १८९१ सालीं त्यांनीं मृगनक्षत्रांतील तेजोमेघाच्या वर्णपटाचे वेध प्रसिद्ध केले. त्या काळीं या तेजोमेघाच्या एका हिरव्या रेषेवरून विलायतेंत मोठा वाद माजला होता. लॉकियर यांचें म्हणणें असें कीं, ही रेषा मॅग्नेशियमच्या वर्णपटांतील एका पट्ट्याची कड आहे. म्हणजे ती एका बाजूस विरत गेलेली दिसली पाहिजे. हगिन्स व अमेरिकेंतील कीलर यांचे वेध याच्या उलट होते. पुण्याहून नायगांववालांनीं कळविलें कीं, रेषा दोन्ही बाजूंनीं स्वच्छ व रेखीव आहे. ज्या लॉकियर यांच्या सल्ल्यानें वेधशाळा निघाली, त्यांच्याच मताविरुद्ध त्याच वेधशाळेनें साक्ष दिली! ती साक्ष खरी होती. ही रेषा दोन विद्युत्कण गमावलेल्या प्राणवायूची आहे, हें अमेरिकन शास्त्रज्ञ बोवेन यानें १९२७ सालीं दाखविलें. गुरूचें मत चुकीचें ठरविण्याइतका विश्वास आपल्या यंत्रावर असणें, हा विश्वास यंत्र स्वतः लावलेल्या माणसालाच येऊं शकतो.

२२ जानेवारी १८९८ चें खग्रास सूर्यग्रहण हा त्या पिढीच्या ज्योतिषांचा उत्सवच होता. छायेचा पट्टा कोंकणच्या किनाऱ्यावरून देशांत शिरून वऱ्हाड-मध्यप्रांताकडे गेला. लॉकियर विजयदुर्गास आले होते. (हेलियमच्या शोधाच्या संदर्भांत ते १८६८ सालींच विजयदुर्गावर होते असें पुष्कळदां लिहिलें जातें, तें खरें नव्हे. त्या वर्षीं ते इंग्लंडांतच होते.) नायगांववालांनीं आपली छावणी सोलापूर जिल्ह्यांत जेऊर येथें दिली, अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कँपबेलहि चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन जेऊरलाच उतरले होते. आणि वऱ्हाडांत तळणी स्टेशनाजवळ ब्रिटिश हौशी ज्योतिषांच्या मंडळाची एक तुकडी होती. तींत माँडर पतिपत्नी होतीं. श्रीमती माँडर यांनीं सूर्याच्या प्रभामंडळांतून दूरवर गेलेला एक लांबच लांब किरणझोत छायाचित्रांत पकडला. त्याच तुकडींत जॉन एव्हरशेड नांवाचा एक हौशी गृहस्थ होता. मुंबईहून तळणीस जाणारी आगगाडी मलकापुरावरूनच जाते, म्हणजे मोताळ्यापासून थोड्याच अंतरावरून. मोताळ्यास मात्र हें ग्रहण खंडग्रासच दिसलें. पूर्ण छाया बरीच दक्षिणेकडून निघून गेली.

ग्रहणाच्या छावण्यांतील कामाचा विचार केला तर लावण्याच्या विद्येची किंमत कळते. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. त्यासाठीं मंडळी जहाजानें व आगगाडीनें यंत्रें आणतात, उघड्या माळावर विटांचे चौथरे बांधतात, आंस रोखतात, आरसे जुळवितात, आणि मग त्या दोन मिनिटांची वाट पाहतात. नायगांववालांनीं जेऊरच्या वेधांचा सविस्तर वृत्तांत पुढें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला.

१९१२ सालीं नायगांववाला सेवानिवृत्त झाले, आणि त्याच वर्षीं वेधशाळा बंद करण्यांत आली. यंत्र जुनें झालें नव्हतें, पुण्याचें आकाशहि बिघडलें नव्हतें. परंतु सारी संस्था एकाच मनुष्याच्या खांद्यावर उभी होती. तो खांदा निघाला आणि छप्पर खालीं आलें. सरकारनें देशांतील सर्वांत मोठी दुर्बीण ठेवावी कोणाच्या हवालीं, हा प्रश्न होता, व त्याचें उत्तर पुण्यास मिळालें नाहीं. चोवीस वर्षांत दुसरीं दोन-चार माणसें त्या आरशाशीं सलगीनें वागावयास शिकलीं असतीं तर कदाचित् निराळें घडतें. सरकारनें तशी नेमणूक केली नाहीं, आणि पुण्याच्या विद्वान् समाजानेंहि ती मागितल्याचा गाजावाजा इतिहासांत ऐकूं येत नाहीं. ज्या शहरांत पंचांगशुद्धीवर सभा गाजत होत्या, त्याच शहरांतून आकाशाचा हा डोळा उचलला गेला.

दुर्बीण दक्षिणेस कोडाईकनाल येथील वेधशाळेंत रवाना झाली. तेथें त्या वेळीं संचालक कोण होते? तळणीच्या माळावर तंबू ठोकून बसलेले तेच एव्हरशेड. कोडाईकनालची वेधशाळा १८९९ पासून मुख्यतः सूर्याच्या अभ्यासासाठीं चालविलेली. रात्रीचे तारे हा तिचा विषय नव्हे. भावनगरची दुर्बीण हें नांव मात्र या यंत्रास कायमचें चिकटलें. पुढें तिचा मुक्काम तामिळनाडूंतील कावलूर येथें हलला आणि १९८० नंतरच्या दशकांत लडाखांतील लेहच्या थंड वाळवंटांत ती गेली. प्रत्येक ठिकाणीं ध्रुवाची उंची निराळी आहे: पुण्यास साडेअठरा अंश, कोडाईकनालला सव्वादहा, कावलूरला साडेबारांच्या वर थोडी, लेहला चौतीस. म्हणजे या दुर्बिणीला प्रत्येक मुक्कामीं पुन्हां नव्यानें आकाशाशीं ओळख करून घ्यावी लागली, आणि ती करून देणारें कोणी ना कोणी हातीं स्क्रू-पेचकस घेऊन थंडींत जागत बसलें.

इकडे महाराष्ट्रांत या विद्येनें दुसऱ्या दारानें प्रवेश केला. २२ ऑगस्ट १९४४ रोजीं पुण्यांत ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी लोकांची ही संस्था. सरकारी अधिकारी निवृत्त झाल्यानें ती बंद पडण्याचें कारण नव्हतें. अमेरिकेंत १९२० नंतर रसेल पोर्टर या गृहस्थानें व्हरमाँट संस्थानांतील स्प्रिंगफील्ड गांवीं कारखान्यांतील कामगारांस आरसे घासावयास शिकविलें होतें, आणि तेथून हा नाद जगभर पसरला. घासण्याची कृति वरवर अगदीं साधी दिसते. सारख्या मापाच्या दोन जाड कांचा घ्यावयाच्या, मध्यें कार्बोरंडमची भुकटी व पाणी टाकावयाचें, आणि वरची कांच पुढेंमागें सरकवीत राहावयाचें. कांहीं वेळानें वरची कांच खोलगट होते व खालची फुगीर. सहा इंची, चार फूट केंद्रांतराच्या आरशाला मध्यावर सुमारें सव्वा मिलिमीटर खोली पुरते. खरें कसब पुढें आहे. खोलगटपणाचा घाट गोलाचा न राहतां अन्वस्ताचा व्हावा लागतो, आणि हा फरक हाताला लागत नाहीं. तो फूकोनें १८५८ च्या सुमारास शोधलेल्या सुरीच्या धारेच्या परीक्षेनें, आरशावर पडलेल्या सावल्या वाचून, ओळखावा लागतो. चांदीची जागा १९३० नंतर निर्वात पात्रांत चढविलेल्या ॲल्युमिनियमनें घेतली, म्हणून आतां दर पावसाळ्यानंतर आरसा काळा पडल्याची तक्रार राहिली नाहीं.

पुण्यांत १९८८ सालीं 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था निघाली. शिक्षकांना व विद्यार्थ्यांना आपल्या हातानें दुर्बीण बनवावयास शिकविणारीं शिबिरें तिनें भरविलीं, आणि अशा शिबिरांतून दुर्बिणी शाळाशाळांत गेल्या. २००६ सालीं जुन्नरजवळ गिरवली येथें तिनें दोन मीटर व्यासाच्या आरशाची मोठी दुर्बीणहि उभारली. पुण्याच्या परिसरांतून वीस इंची आरसा गेला त्याला तेव्हां चौऱ्याण्णव वर्षें होऊन गेलीं होतीं. गिरवलीचा आरसा यंत्रें व संगणक जुळवितात. घासलेल्या वा विकत घेतलेल्या सहा इंचीचा आरसा अजून माणसालाच जुळवावा लागतो, आणि शिबिरांचा मोठा लाभ दुर्बिणीपेक्षां हाच म्हणावा कीं, एकाच्या जागीं शेंकडों हातांना तो जुळवितां येऊं लागला.

मोताळ्याच्या गच्चीवर हिंवाळ्यांत असा एक हात काम करूं लागला तर त्याचा क्रम साधारण असा असावा. दिवसा उजेडीं दूरची पाण्याची टाकी किंवा देवळाचा कळस नेत्रभिंगाच्या मध्यावर आणून बाजूची लहान शोधक दुर्बीण त्याच टोंकावर रोखावी. चित्र उलटें दिसतें, त्यानें गडबडूं नये. सूर्याकडे मात्र कोणत्याहि दुर्बिणीचें तोंड चुकूनहि करूं नये, डोळा जन्माचा जातो. सूर्यास्तानंतर तासभर दुर्बीण उघड्यावर ठेवून आरसा हवेइतका थंड होऊं द्यावा. नाहींतर नळींत गरम हवा खेळत राहते व तारा उकळत्या पाण्यांतून पाहिल्यासारखा थरथरतो. दुर्बीण लांकडी खोक्यावर फिरणाऱ्या साध्या बैठकीची असेल तर ध्रुवाची काळजीच नाहीं. आंसाची असेल तर कोनमापक वीस अंश चाळीस कलांवर ठेवून आंस मलकापुराच्या बाजूस, ध्रुवाकडे करावा. छिद्राच्या टोपणानें आरसे तपासावे. मग एक ठळक तारा घेऊन नेत्रभिंग किंचित् बाहेर काढावें. तारा फुगून वर्तुळांचा चट्टा होतो. वर्तुळें एकाच मध्याभोंवतीं सारखीं असलीं तर ठीक. एका बाजूस दाटलेलीं असलीं तर मागच्या स्क्रूंपैकीं एक पाव फेरा फिरवावा, तारा पुन्हां मध्यावर आणावा, आणि पुन्हां पाहावें.

जानेवारींत रात्रीं नऊ-साडेनवाच्या सुमारास मृगनक्षत्र दक्षिणेकडे अजिंठ्याच्या डोंगरावर उंच चढलेलें असतें. त्याच्या पोटांतील बाणाच्या तीन ताऱ्यांखालीं एक पुसट ठिपका आहे; मोताळ्याहून तो क्षितिजापासून सुमारें ६४ अंशांवर येतो. नायगांववालांनीं ज्याच्या हिरव्या रेषेची साक्ष दिली तो तेजोमेघ तोच. सहा इंची आरशांत तो राखाडी-हिरवट धुक्यासारखा पसरलेला दिसतो आणि धुक्याच्या गाभ्यांत अगदीं जवळजवळ बसलेले चार बारीक तारे असतात. ते चारहि वेगळे दिसले तर आरसे लागले असें समजावें. एकमेकांत मिसळलेले दिसले तर छिद्राचें टोपण पुन्हां बसवावें आणि मागचा तिसरा स्क्रू थोडा सैल करावा.